शिबिर संपल्यानंतर…

आमच्या कॉलेजचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर त्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात होतं. पाचव्या दिवशी दंततपासणी ठेवली होती. शहरातून डॉक्टर मंडळी आली, शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या गेल्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत दोनशेच्या वर माणसं तोंड उघडून बसली. प्रत्येकाला एक ब्रश, एक पेस्टची ट्यूब आणि ज्याला गरज होती त्याला एक चिठ्ठी. फोटो निघाले, पेपरात बातमी आली. कार्यक्रम अधिकारी या नात्याने मी अहवाल लिहिला आणि त्याचा शेवट "शिबिर अत्यंत यशस्वी झाले" या वाक्याने केला. अशा अहवालांचा शेवट दुसरा कुठला असतो?

दीड वर्षानंतर एका विद्यार्थिनीच्या लग्नाला त्याच गावात जाणं झालं. एका घरात शिलाई मशीन पुसायला ठेवलेला निळा ब्रश दिसला. तो आमचाच होता. अंगणात एक मुलगा सायकलच्या चेनला तेच औजार लावून बसला होता. मला हसू आलं. पण पुढे आक्कांच्या घरी गेले आणि हसू थांबलं.

आक्कांनी शिबिराचे सातही दिवस आमच्या पोरांना भाकरी करून वाढल्या होत्या. मी आलेली पाहून त्यांनी चहा टाकला. बोलता बोलता शिबिराचा विषय निघाला, तेव्हा त्या उठल्या आणि देव्हाऱ्यातल्या फोटोमागे खोचलेली घडी काढून माझ्या हातात दिली. तीच चिठ्ठी. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आहे, पुढील तपासणीसाठी यावे, असं तिच्यावर लिहिलेलं.

"गेला नाहीत?" मी विचारलं.

"कुठं जायचं कळलं न्हाई बाई. आन् दुखत बी नव्हतं. तुम्हीच म्हणालासा की, परत येतो म्हणून."

मी तसं म्हटलं होतं. निरोपाच्या वेळी सगळेच म्हणतात.

पुढच्याच आठवड्यात त्यांना घेऊन गेले. तुकडा काढून तपासला. चट्ट्याच्या एका कडेला रोगाने मूळ धरलं होतं, पण ते लहान होतं म्हणून शस्त्रक्रियेवर निभावलं. आक्का आज आहेत. तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, भाकरी दुधात कुस्करून खावी लागते. तीच चिठ्ठी घेऊन त्या दीड वर्ष आधी गेल्या असत्या तर कदाचित एवढंही झालं नसतं. ही चूक डॉक्टरांची नव्हती आणि आक्कांची तर नव्हतीच. शिबिर भरवलं आम्ही, आणि शिबिरानंतरचा दिवस कुणाचा, हे ठरवलंच नाही.

तेव्हापासून मी या विषयावर जमेल तसं वाचत आले, विचारत आले. त्यातून कळलं ते आपल्या भागातल्या शाळा, मंडळं, बचत गट यांच्या उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून हा लेख.

रोग रोजचा, उपाय वर्षातून एकदा!

दात किडतो कसा, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि त्यातून आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताच्या वरच्या आवरणातले क्षार विरघळतात. खाणं थांबलं की लाळ हळूहळू ती झीज भरून काढते. म्हणजे दातावर रोज जमा आणि खर्च चालू असतो. खर्च वाढला की खड्डा पडतो. हा हिशेब दिवसातून अनेकदा होतो, आणि आपण त्यावर उपाय करतो तो वर्षातून एकदा, मांडव घालून. मग हिशेब जुळावा कसा?

किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा आणि केव्हा खाल्लं हे दातांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं, हे स्वीडनमधल्या एका जुन्या प्रयोगातून स्पष्ट झालं. १९४५ नंतरच्या काही वर्षांत व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत तो झाला. तिथल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला दिल्या गेल्या. आज कुणी असा प्रयोग करू म्हणेल तर त्याला तुरुंगच दाखवावा लागेल. पण त्यातून कळलेलं खोटं नव्हतं. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने थोडं नुकसान होतं, मधल्या वेळात चघळलेल्या चिकट गोडाने फार.

त्यानंतर तिथल्या आरोग्य खात्याने लोकांना "गोड खाऊ नका" असं सांगितलं नाही. गोळ्या-चॉकलेटं आठवड्यातून एकदाच, शनिवारी खा, असं सांगितलं. सत्तर वर्षं होत आली, स्वीडनमधली मुलं अजून शनिवारची वाट पाहतात. शनिवारच्या खाऊला त्यांच्या भाषेत वेगळा शब्दच आहे. सांगणारे अधिकारी गेले, पत्रकं रद्दीत गेली, पण नेम राहिला.

हे वाचताना मला आपली एकादशी आठवली, श्रावणी सोमवार आठवला. एरवी डॉक्टरांचं न ऐकणारा माणूस वाराचा नेम चुकवत नाही. बेळगावकरांना कुंदा सोडा म्हणून सांगणं व्यर्थ आहे, आणि गोकाकच्या करदंटाचंही तेच. पण कुंदा जेवणाच्या ताटात वाढा, दुपारी येता-जाता डब्यातून बोटाने चाटू नका, एवढं घरातली आजी सांगू शकते. आणि आजीने सांगितलेलं राहतं.

फिलिपिन्सच्या शाळेतला नळ

आता परदेशातलीच, पण आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट. फिलिपिन्स हा बेटांचा देश. पैशाची चणचण तिथेही आहे. २००६ साली तिथे मुलांच्या दातांची देशभर पाहणी झाली. सहा वर्षांच्या शंभर मुलांपैकी सत्त्याण्णव मुलांचे दात किडलेले निघाले! एवढ्या मुलांचे दात भरायचे तर डॉक्टर कुठून आणायचे आणि पैसा कुठून?

तिथल्या शिक्षण खात्याने वेगळा रस्ता धरला. मुलं रोज शाळेत येतात आणि शिक्षकही रोज येतात. मग शाळेतच, सगळ्यांनी मिळून, रोज साबणाने हात धुवायचे, रोज फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी घ्यायची. बस, एवढंच. जर्मन सरकारच्या विकास संस्थेने सुरुवातीला मदत केली, पण सामानाचा खर्च स्थानिक प्रशासनाच्या अंगावर ठेवला. आरंभीच्या वर्षांत तो मुलामागे वर्षाला एका डॉलरच्याही आत होता. शाळेच्या आवारात पालकांच्या मदतीने नळांची साधी रांग उभी करायची आणि मुलांनी तिथे ओळीने उभं राहायचं. दंतवैद्याची त्यात रोजची गरजच नाही. पुढे हाच प्रकार कंबोडिया, लाओस, इंडोनेशिया या देशांतल्या शाळांतही गेला.

यात नवं शास्त्र काहीही नाही. साबण जुना, ब्रश जुना. नवं आहे ते एवढंच, की या कामासाठी वेगळा दिवस ठेवला नाही. रोज जे घडतंच, त्याला ते बांधून टाकलं.

स्कॉटलंडने २००६ पासून "चाइल्डस्माइल" या नावाने असंच काम हाती घेतलं. बालवाड्यांमधून रोज शिक्षिकेच्या नजरेखाली दात घासणं, घरी नेण्यासाठी ब्रश आणि पेस्ट, आणि ज्या घरांना दवाखान्याची वाट ठाऊक नाही त्यांच्याकडे आरोग्य सहायिका पाठवणं, अशी त्याची मांडणी आहे. तिथे पहिलीच्या मुलांचे दात ठरावीक वर्षांनी तपासतात. २००३ च्या सुमारास ज्यांच्या दातांत कीड दिसत नव्हती अशी मुलं निम्म्याहून कमी होती. २०२० पर्यंत ती सत्तर टक्क्यांच्या वर गेली. पाच वर्षांच्या मुलांच्या दंतोपचारावरचा अंदाजी खर्च दहा वर्षांच्या आत निम्म्याहून खाली आला. गरीब वस्त्यांत कीड अजूनही जास्त आहे, हे तेही मान्य करतात. पण दरवर्षी मोजतात, म्हणून त्यांना ते सांगता तरी येतं.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. आरोग्य केंद्रांतून तीस वर्षांवरील लोकांच्या तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर तोंडाची तपासणीही धरलेली आहे. आशा कार्यकर्तीच्या अर्जात तोंडातल्या चट्ट्यांबद्दल प्रश्न असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. २०२२ च्या अहवालात तिने म्हटलं, की जगात साडेतीनशे कोटी माणसांना तोंडाचा कुठला ना कुठला विकार आहे. कागदावर सगळं आहे. प्रश्न कागद आणि आक्कांचा देव्हारा यांच्यामधल्या अंतराचा आहे.

आणि आपल्या भागात दाताबरोबर तंबाखूचं बोलावंच लागतं. तव्यावर किंवा खापरावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी तिनेच दात घासायचे. मिश्री म्हणा की मशेरी म्हणा, आपल्या आया-आज्यांना ते व्यसन वाटतच नाही. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. आधी सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग काम करता करता बोट तोंडात. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ साली देशभर बंदी झाली. पण चुलीवर भाजलेल्या मिश्रीला कुठला कायदा लागू होणार? गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये आणि कर्नाटकात २०१३ मध्ये बंदी आली. तेव्हापासून दुकानात पान मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी टांगलेली दिसते. दोन्ही एकत्र करून खाण्याचं काम पोरं स्वतः करतात. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत शंभरातली एकवीस प्रौढ माणसं बिनधुराची तंबाखू घेणारी निघाली.

निपाणी भागातल्या वाचकांना हे वाचताना अवघड वाटेल, याची मला जाणीव आहे. तंबाखूच्या पिकावर तिथली घरं उभी राहिली, पोरं शिकली. माझ्या वर्गातही विडी कामगारांच्या मुली बसलेल्या आहेत. त्यांना तंबाखू वाईट एवढं सांगून माझी जबाबदारी संपत नाही. पिकाचा प्रश्न मोठा आहे आणि तो या लेखात सुटणार नाही. पण शेतात पिकवणं आणि हिरडीला चोळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निदान घरात बोलता येतं.

बोलण्याने काय होतं, असं कुणी विचारेल. त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतल्या छत्तीस हजार तंबाखू घेणाऱ्या ग्रामस्थांवर एक काम सुरू केलं. लोकांची तोंडं तपासायची, समजवायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच दारात जायचं. पाच वर्षांचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू सोडणाऱ्यांचं आणि कमी करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं होतं, आणि जिथे ते चांगलं वाढलं तिथे पांढरे चट्टे नव्याने होण्याचं प्रमाणही उतरलं होतं.

दुसरा दाखला केरळचा. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून पस्तीस वर्षांवरच्या लोकांची तोंडं दर तीन वर्षांनी तपासली गेली. तपासणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे पदवीधर कार्यकर्ते होते. हातात बॅटरी, आणि बघण्याची सवय झालेले डोळे. २००५ मध्ये निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू, जिथे तपासणी झाली नाही त्या भागांच्या तुलनेत, ३४ टक्क्यांनी कमी झाले होते.

या दोन्ही कामांत महागडं यंत्र नाही. दोन्हींत माणूस त्याच दारात परत गेला आहे. आमच्या शिबिराने नेमकं तेच केलं नव्हतं.

पुन्हा त्याच गावात

आक्कांच्या प्रकरणानंतर मी त्या गावच्या शाळेत गेले. मराठी प्राथमिक शाळा, साठ-बासष्ट मुलं. हेडमास्तरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ब्रश वाटणार असाल तर वाटा. पण रोजचं आम्हाला लावू नका. आधीच नोंदवह्या काय कमी आहेत?" त्यांचं चुकीचं नव्हतं. शिक्षकांवर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं असतं.

तेव्हा आम्ही नवं काही लावलं नाही. मध्यान्ह भोजन रोज होतंच. ताटं धुवायला मुलं नळावर जातातच. तिथेच चार मिनिटं दात घासायचे, असं ठरलं. पाचवी-सहावीतल्या मुलांच्या पाळ्या लावल्या. ब्रश ठेवायला गावातल्या सुतारमामांनी भोकं पाडलेली फळी करून दिली. ब्रश एकमेकांना लागू नयेत, उभे राहावेत आणि वाळावेत म्हणून ही सोय. वर माशा बसू नयेत म्हणून मच्छरदाणीचं कापड. प्रत्येक ब्रशवर नाव. ट्यूबचं तोंड कुणाच्या ब्रशला लावायचं नाही. मोठ्या मुलीने ताटाच्या कडेवर वाटाण्याएवढ्या पेस्टचे ठिपके ओळीने ठेवायचे आणि प्रत्येकाने आपला ठिपका उचलायचा.

खर्चाचा हिशेबही सांगते, कारण सगळे तिथेच अडतात. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम. शाळेचे दिवस दोनशेवीस धरले तर एका मुलाला वर्षाला पंचावन्न ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमच्या एका ट्यूबमध्ये जवळजवळ दोन मुलांचं वर्ष निघतं. ब्रश वर्षातून तीन. साठ मुलांना तेहतीस-चौतीस ट्यूब आणि एकशे ऐंशी ब्रश. घाऊक भावाने हे सगळं चार-साडेचार हजारांत बसलं. पहिल्या वर्षी आमच्या कॉलेजने दिले. दुसऱ्या वर्षी मी मुद्दामच दिले नाहीत. शाळा सुधारणा कमिटीच्या बैठकीत विषय ठेवला आणि गावातल्या गणेशोत्सव मंडळाने एका रात्रीच्या फटाक्यांचे पैसे वळते केले. आता ते पैसे मंडळाच्या जमाखर्चात दरवर्षी लिहिले जातात. एकदा जमाखर्चात ओळ आली की ती सहसा निघत नाही!

सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. पहिल्या उन्हाळी सुट्टीनंतर जूनमध्ये शाळा भरली तेव्हा फळी अडगळीत होती आणि पेस्ट वाळून गेली होती. पुन्हा सुरू करायला दीड महिना गेला. मग ज्या शिक्षिकेने हे मनापासून धरलं होतं तिची बदली झाली. २०२० मध्ये कोरोनाने शाळाच बंद पडली आणि पुन्हा उघडल्यावर एका नळावर गर्दी नको म्हणून ब्रश आणखी वर्षभर बंद राहिले. प्रत्येक वेळी वाटलं, संपलं. प्रत्येक वेळी सुरुवात केली ती मोठ्या मुलींनी, कारण पेस्टचे ठिपके ठेवण्याचा मान त्यांचा होता आणि तो त्यांना परत हवा होता. मी एवढंच केलं, की दर तिमाहीला एकदा गेले आणि वही पाहिली.

काही गोष्टी आम्हालाही नव्याने कळल्या. घासून झालं की फेस थुंकायचा, पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही. थोडं फ्लोराइड दातांवर राहायला हवं. आपल्या सवयीच्या अगदी उलट! पेस्ट गिळायची मात्र नाही. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट पुरे. ज्या गावांत बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असतं, तिथे आधी पाणी तपासून घेऊन डॉक्टरांना विचारावं. आपल्याकडे पश्चिमेला पाऊस भरपूर आहे, पण पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात काही ठिकाणी हा प्रश्न आहे. आणि शाळेतलं घासणं हे रात्रीच्या घासण्याऐवजी नाही. रात्री झोपण्यापूर्वी घासणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी होते.

आयांच्या बैठकीत सगळ्यात उपयोगी पडली ती सहाव्या वर्षाच्या दाढेची गोष्ट. मुलाचं सहावं वर्ष आलं की दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी आधी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे घरात कळतच नाही. किडली तरी आई म्हणते, "दुधाचीच असेल, पडेल." पण ती पडणारी नसते. ती जन्मभराची असते. दात पडला की कौलांवर टाकण्याची हौस आपल्याकडे आहे. त्याच दिवशी मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा आणि मागे नवी दाढ आली का ते बघा, असं सांगितलं. तो दिवस घरात कुणी विसरत नाही, म्हणून हेही विसरलं जात नाही.

कुणी काही सुरू करणार असेल तर…

आपल्याकडे मंडळं पुष्कळ आहेत आणि हौसही आहे. गणेशोत्सव, शिवजयंती, एखाद्याचा वाढदिवस, काहीही असो, आरोग्य शिबिर ठेवलं जातं. ते ठेवू नका असं मी म्हणणार नाही. दुखणारा दात शिबिरात निघतो, हेही खरं. पण मांडव घालण्याआधी कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहावीत, एवढी विनंती आहे.

पहिला प्रश्न : हे काम रोजच्या कुठल्या गोष्टीला बांधणार आहोत? शाळेत मध्यान्ह भोजन आहे, अंगणवाडीत खाऊची वेळ आहे, बचत गटाची दर महिन्याची बैठक आहे. नवी वेळ मागितली तर ती मिळत नाही.

दुसरा : आपण निघून गेल्यावर हे कोण बघणार? त्याचं नाव लिहा, आणि त्याची बदली झाली तर पुढचं नावही लिहा. गावातच राहणारं माणूस असेल तर उत्तम. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्षा, अगदी सातवीतली मुलगीसुद्धा चालेल.

तिसरा : दुसऱ्या वर्षीचे पैसे कुठून येणार? पहिल्या वर्षी सगळेच देतात. देणगीदाराचा फलक उतरल्यावरही चालू राहील एवढंच स्वस्त काम हाती घ्यावं. थोडं कमी करा, पण चालू ठेवा.

चौथा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात जड : ज्याला चिठ्ठी दिली तो पोहोचला का, हे कोण विचारणार? चिठ्ठीची एक प्रत आपल्या वहीत हवी. पंधरा दिवसांनी फोन हवा. उत्तर नाही आलं तर दारात जायला हवं. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड उघडायला होणारा त्रास किंवा तिखट लागताच होणारी आग, यांतलं काहीही असेल तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला ते दुखतच नाही, हाच त्या रोगाचा कावा आहे.

या चारांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसेल तर शिबिराचे पैसे शाळेला साबणासाठी द्यावेत. ते जास्त दिवस पुरतील.

आमच्या कॉलेजच्या शिबिरात आता ही वही असते. मुलं कंटाळतात. "मॅडम, फोटो काढून झालाय, निघूया की," म्हणतात. मग मी त्यांना आक्कांची गोष्ट सांगते.

गेल्या दिवाळीनंतर गावात गेले होते. आक्कांनी मिश्रीची डबी शस्त्रक्रियेच्या आधीच टाकून दिली होती. पण त्यांच्या घरात अजून एक डबी आहे, सुनेची. लपवून ठेवलेली, पण आक्कांना जागा माहीत आहे. "मी बोलते तिला रोज," आक्का म्हणाल्या. "भांडत न्हाई. भांडून काय सुटतंय? रोज एकदा माझं तोंड उघडून दाखवते तिला, बास."

सून आत चहा करत होती आणि ऐकत होती. निघताना मी तिचं नाव वहीत लिहून घेतलं आणि उजेडात तोंड बघितलं. चट्टा नाही. तीन महिन्यांनी परत येते म्हणून सांगितलं.

या वेळी तारीख लिहून आले आहे.